स्टेअरिंगवर असलेल्याला ओरडायचं नाही

नवी गाडी आली की घरातल्या सगळ्यांनी तिच्यात बसून पहिली फेरी मारायची आणि स्टेअरिंगवर घरातलं सगळ्यात लहान लायसन्स बसवायचं, हा या घराचा रिवाज. दुसऱ्यांच्या घरात असतील मोठमोठे रिवाज. या घराचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, तेव्हा रिवाजसुद्धा चारचाकीच असायचा. त्यावर आणखी स्कूल काढणाऱ्या मास्तरांचा, म्हणजे घरच्यांच्या नानांचा, एक नियम होता आणि तो ऑफिसच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता. स्टेअरिंगवर असलेल्याला ओरडायचं नाही. ओरडलं की माणूस बावचळतो, बावचळला की भलतंच पेडल दाबतो. शिकवणाऱ्याला राग आला तर त्याने तो गिळावा. गिळवत नसेल तर गाडी बाजूला घ्यायला लावावी, इंजिन बंद करावं आणि मग काय तो तमाशा करावा.

मास्तरांच्या नातीने या नियमाचा असा फायदा घ्यावा, हे काही मास्तरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सकाळी आवारात गाडी धुऊनपुसून उभी होती. मास्तरांच्या थोरल्याने, स्कूल आता तोच चालवत होता, मागच्या काचेवर रंगाऱ्याकडून 'महिलांसाठी खास बॅच' असं गुलाबी रंगात लिहून घेतलं होतं. त्याची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, हात चांगला, डोकं शांत. कॉलेज सांभाळून ती सकाळ-संध्याकाळ बायकांना शिकवेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. सगळी तयारी झाली होती. मुलीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"रंग गुलाबीच का पण?" धाकट्याने विचारलं. धाकटा म्हणजे गॅरेज सांभाळणारा; हातात कायम पाना, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणत. शिकवणाऱ्याच्या बाजूची पेडलं त्यानेच आदल्या दिवशी बसवली होती.

"तुला काय करायचंय? तू ब्रेक नीट बसवलास ना?"

"दादा, इतका नीट की नानांनी नुसता विचार केला तरी गाडी थांबेल."

मुलगी आली. जन्मल्या दिवसापासून तिच्या रडण्याने शेजार जागा ठेवला होता, म्हणून तिला पिपाणी नाव पडलं आणि चिकटलं. आज मात्र पिपाणी वाजत नव्हती. तिने सीट पुढे घेतली, आरसा लावला, बेल्ट लावला. शेजारी मास्तर बसले आणि त्यांनी दुसऱ्या पेडलांवर पाय जुळवून घेतले. मागे मधोमध थोरला, कारण मधून रस्ता दिसतो. एका खिडकीला त्याची बायको, दुसऱ्या खिडकीला पाना.

पहिली फेरी ठरलेली असते. आवारातून बाहेर, बाजाराच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीला वळसा आणि परत. टाकी आली. टाकी गेली.

"अगं, वळायचं होतं," थोरला म्हणाला.

"माहितीये, बाबा. आज फेरी जरा लांबची आहे." तिने आरशात बघून गाडी हायवेला घेतली आणि वरचा गिअर टाकला. "मला एक सांगायचंय. मी सांगते, तुम्ही ऐका. आणि कोणी ओरडायचं नाही. मी स्टेअरिंगवर आहे."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. "बोल."

"आमच्या कॉलेजात सैन्याचं एक प्रशिक्षण आहे. अधिकाऱ्याचं. कॉलेज करता करता करायचं. आठवड्यातून काही तास, सुट्टीत कॅम्प, आणि पदवी हातात आली की अधिकारी म्हणून नेमणूक. पहिल्या चाचण्या मी दिल्या. पास झाले. आजपासून आठवडाभर कॅम्प आहे. पुढे तलावाच्या फाट्याला आत वळलं की केंद्र. दुपारच्या आत हजर व्हायचंय. बॅग डिकीत आहे."

थोरल्याने दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं.

"काय?" थोरला ओरडला नाही. पण ओरडायची सगळी तयारी झाल्यावर ऐन वेळी आवाज दाबल्यामुळे तो असा चिरका निघाला की पानाला हसू आवरेना. "गाडी बाजूला घे."

"नाही."

"बाजूला घे म्हणतोय ना मी!"

"बाजूला घेतली की तुम्ही ओरडणार. म्हणूनच घेणार नाही. घरी सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तुमचा आवाज चढला असता, मग माझा, मग आई रडली असती आणि पाना काका गॅरेजमध्ये पळाले असते. माझं म्हणणं तसंच राहिलं असतं. इथे तुम्हाला ऐकावं लागेल."

थोरल्याने भिंतीवरच्या त्या हातभर अक्षरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दर वर्षी तोच ती नव्या रंगाने ठळक करून घेत असे.

"नाना, तुम्ही तरी काही बोला."

"तिचं संपू दे."

"डिकीत बॅग कोणी ठेवली?" आता आईने विचारलं. तिचा आवाज हळूच होता, पण वर्गात पुठ्ठ्याच्या खुणा दाखवून 'हे काय आहे?' असं विचारताना तो जसा निघायचा तसाच निघाला. वाहतुकीच्या नियमांचा वर्ग इतकी वर्षं तीच घेत होती. त्या आवाजापुढे भलेभले पुरुष शाळकरी होत.

पाना खिडकीबाहेर बघायला लागला.

"भावोजी?"

"मी ठेवली, वहिनी. पोरगी म्हणाली कॅम्प आहे. मला वाटलं, चार दिवस पळतील, शेकोटीभोवती बसतील, प्रमाणपत्र घेऊन घरी येतील. त्यात काय एवढं?" मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो सावरून बसला. "पण हे नेमणूक वगैरे काय आहे गं? म्हणजे कॉलेज झालं की तिथे खरोखर जावं लागतं?"

"हो. काही वर्षं नोकरी करायचीच. त्यांनी शिकवायचं आणि आपण पाठ फिरवायची, असं कसं चालेल?"

"काही वर्षं? आणि पाठवतील तिथे?"

"पाठवतील तिथे."

"मग नाही बुवा!" पाना एकदम थोरल्याच्या बाजूला सरकला. दोघा भावांचं गेल्या वर्षी जुन्या गाडीच्या विक्रीवरून वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. आज पहिल्यांदा एका मताचे झाले. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. बाजूला घे गाडी."

"वा, काका! बॅग उचलताना मोठा तोरा होता."

"तेव्हा बॅग हलकी लागली मला!"

पिपाणीला हसू आलं, पण तिने रस्त्यावरून नजर हलवली नाही. समोर एक ट्रक रेंगाळत होता. तिने आरसा बघितला, सिग्नल दिला, सफाईने पुढे काढली आणि परत आपल्या पट्ट्यात आली. मास्तरांचा पाय पेडलावर होता. त्यांना तो दाबावा लागला नाही. हात खरंच चांगला होता पोरीचा. तेच त्यांना छळत होतं.

"ही गाडी कोणासाठी घेतली?" थोरला म्हणाला. आता त्याचा आवाज रागाचा राहिला नव्हता आणि ते जास्त वाईट होतं. "तुझ्यासाठी घेतली. बायकांची बॅच तुझ्यासाठी काढली. तुला बाहेर कुठे कोणाचे हुकूम ऐकायला लागू नयेत, आपल्या घरच्या धंद्यात मानाने राहावीस, म्हणून. आणि तू निघालीस हुकूम ऐकायला."

"बाबा, मला कोणी विचारलं होतं?"

"अगं, विचारायचं काय त्यात? बाप आहे मी तुझा."

"मग बाप म्हणूनच विचारायचं ना."  गाडीचा वेग तोच राहिला. "आणि मी अजून सही केलेली नाही. या कॅम्पनंतर नको वाटलं तर घरी परत यायचं, कोणी अडवत नाही. कदाचित मला नाहीच आवडणार. कदाचित त्यांनाच मी नको असेन. पण ते मला तिथे जाऊन कळायला हवं, घरात बसून नाही. मी फक्त विचार करतेय, आणि विचार करायलासुद्धा मला तुम्हाला गाडीत कोंडावं लागतंय!"

"पण हेच का?" आईने विचारलं. "दुनियाभराची कामं पडलीयेत."

"सांगू? चाचणीला आम्हा आठ जणांना एक चर दिला ओलांडायला. दोन फळ्या, एक दोर, आणि फळ्या आखूड. सगळे एकदम बोलायला लागले. मी म्हटलं, थांबा, आधी सगळ्यात हलकं कोण ते बघू. आणि आई, सगळे गप्प झाले. माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं तसं केलं आणि आम्ही पार झालो." ती क्षणभर थांबली. "आपल्या घरात मी 'थांबा' म्हटल्यावर कोणी थांबलंय कधी?"

 आईने खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

तिला आपलं लायसन्स आठवत होतं. लग्नाआधीचं, स्वतःच्या जोरावर काढलेलं. लग्नानंतर नवऱ्याने मोठ्या हौसेने तिला शेजारी बसून गाडी चालवायला दिली होती. पहिल्या चौकात त्याने ब्रेक दाबला. दुसऱ्या चौकात दाबला. समोरून सायकल आली तेव्हा दाबला, आणि काहीच नव्हतं तेव्हाही दाबला. कधी आवाज चढवला नाही, प्रेमानेच 'मी आहे ना' म्हणत राहिला. महिन्याभरात तिने स्टेअरिंग सोडलं आणि पुठ्ठ्याच्या खुणा हातात घेतल्या. गावातल्या निम्म्या लोकांना तिने रस्ता शिकवला आणि स्वतः मागच्या सीटवर बसून राहिली.

"मी तिला कधी कशाला नाही म्हटलंय?" थोरला तिला म्हणत होता, तिने आपली बाजू घ्यावी म्हणून. "सांग तूच. मी फक्त जिथे चुकते तिथे थांबवतो."

"नाही हो," ती म्हणाली. "चुकायच्या आधीच थांबवता."

"म्हणजे?"

"म्हणजे मला भीती वाटतेय.  तरी तिला जाऊ द्या. जाऊन बघू दे तिला."

थोरल्याने बायकोकडे असं बघितलं, जणू ती हायवेच्या मधोमध दार उघडून उतरते म्हणाली होती. पाना मात्र हळूच पुन्हा आपल्या खिडकीकडे सरकला. वहिनी ज्या बाजूला असेल ती बाजू शेवटी जिंकते, हा त्याचा जुना अनुभव होता.

राहिले मास्तर. 

"मी सैन्यात गाडी चालवायचो, हे माहितीये तुला," ते म्हणाले. "अधिकारी मागे बसायचे. मी दार उघडायचं, मी दार लावायचं. नोकरी संपली तेव्हा ठरवलं, आपल्या घरात कोणी मागे बसणारं निपजायला नको. शिकवू, चालवू, पण स्टेअरिंग आपल्या हातात."

"मला मागे बसायचं नाहीये, आजोबा."

"ऐक. एक पोरसवदा अधिकारी होता. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. भला पोरगा. नदी चढली होती, पलीकडे जायचं होतं. 'जाईल, घाला गाडी' म्हणाला. घातली. मध्यावर उलटली. सगळे वाचले, पण एका जवानाचा पाय गेला. मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही आला कधी. त्यानंतर तो माझ्या शेजारी पुढे येऊन बसायचा आणि तासन् तास एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्याचा पाय स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होता बिचारा." मास्तरांनी घसा साफ केला. "तुला गोळी लागेल याची भीती तुझ्या बापाला. मला ती नाही. मला भीती आहे, तू कधीतरी 'घाला' म्हणशील."

 लांबवर तलाव दिसायला लागला होता.

"त्याच्या जागी कोणीतरी असणारच होतं ना, आजोबा? खुर्ची रिकामी राहत नाही. मग 'घालू नका' म्हणणारं कोणीतरी का नको तिथे? ज्याच्या आजोबांनी त्याला नदी सांगितलीये, असं कोणीतरी?"

फाटा आला. पाटी आली. तिने सिग्नल दिला, आरसा बघितला, गिअर उतरवला आणि वळायला स्टेअरिंग फिरवलं.

गाडी थांबली. झटक्यात, जागच्या जागी, सगळ्यांना बेल्टमध्ये आवळून. इंजिन आचके देऊन बंद पडलं.

तिने ब्रेकला पायही लावला नव्हता.

"ब्रेक झकास बसलाय," पाना पुटपुटला आणि वहिनीने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला.

पिपाणीने आधी धोक्याचे दिवे लावले. मग ती आजोबांकडे वळली. 

"कारण सांगा."

हाही मास्तरांचाच नियम. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला, तर त्याच जागी शिकणाऱ्याला कारण सांगायचं. कुत्रं आलं, पोर आलं, खड्डा होता, काय ते. कारण नसताना दाबलेला ब्रेक हा शिकणाऱ्याच्या मनात कायमचा बसतो, पुढे तो माणूस मोकळ्या रस्त्यावरही चाचरतो. ज्या शिक्षकाला कारण सांगता आलं नाही, त्याला मास्तरांनी त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं होतं. मग तो कोणाचा कोण असो.

मास्तरांनी समोर बघितलं. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना झाडं, पुढे कमान, कमानीखाली एक पहारेकरी. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुत्रं नव्हतं, पोर नव्हतं. एखादी सायकलसुद्धा आली नाही त्यांच्या मदतीला.

"सांगा ना, आजोबा. पुढे काय होतं?"

"पुढे काही नव्हतं," मास्तर म्हणाले. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. "मी घाबरलो, पोरी. पाय आपोआप गेला."

थोरल्याने बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याला हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवावासा वाटला, पण बेल्ट आवळलेला होता.

"घाबरून दाबलेला ब्रेक कोणाचा दोष?" पिपाणीने विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी प्रश्न सोडला नाही तिने.

"शिकवणाऱ्याचा."

"मग?"

मास्तरांनी दोन्ही पाय पेडलांवरून उचलले. गुडघे दुखत होते, तरी एक एक करून पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली. नव्या गाडीच्या नव्या सीटवर, बुटांसकट.

"काढ गाडी," ते म्हणाले.

तिने इंजिन सुरू केलं, आरसा बघितला आणि गाडी काढली.

कमानीपाशी तिने बाजूला लावली. मास्तर तिच्याआधी उतरले. गाडीला वळसा घालून तिच्या दारापाशी आले, आणि जन्माची सवय, त्यांचा हात दाराकडे गेला. पिपाणीने आतून दार धरून ठेवलं.

"आजोबा, हात काढा. दार मी उघडते."

मास्तर एक पाऊल मागे सरले आणि हसले. इतके हसले की पहारेकरीही बघायला लागला.

पानाने डिकीतून बॅग काढली आणि तिच्या हातात द्यायच्या आधी उगाचच बंद तपासले. "नाही आवडलं तर फोन कर. पाना घेऊन येतो." आईने तिचा चेहरा पदराने पुसला आणि म्हणाली, "खाऊन घेत जा, आणि 'थांबा' म्हणायला लाजू नकोस." थोरला गाडीच्या मागे उभा राहून गुलाबी अक्षरांकडे बघत होता.

"बाबा, निघते मी."

"माझं अजून मत बदललेलं नाही," तो म्हणाला.

"माझंही नाही."

"हट्टी आहेस."

"कोणाची मुलगी आहे?"

त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि हात तिथेच ठेवला, जरा जास्त वेळ. मग घाईने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला. तिथे त्याची बायको आधीच बसली होती. सीट पुढे घेत होती.

"अगं, तू? इतक्या वर्षांनी? हायवे आहे!"

"काचेवर काय लिहिलंय तुम्हीच? महिलांसाठी खास. बसा मागे."

"मग मी शेजारी बसतो. ब्रेकला कोणीतरी—"

"शेजारी नाना बसतील. मांडी घालून."

पिपाणी कमानीखाली उभी राहिली. गाडी एकदा उसळली, बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा उसळली, आणि मागच्या सीटवरून बाबांचं "अगं, क्लच!" थेट तिच्यापर्यंत आलं. त्याच्यामागून आई, काका आणि आजोबा, तिघांचे आवाज एकदम आले. "ओरडायचं नाही!"

मग गाडी चालायला लागली. झाडांमधून हळूहळू, पण सरळ. पिपाणी बघत राहिली, कारण फाट्यापर्यंत रस्ता मोकळा होता आणि तिला एकच बघायचं होतं. मागचे लाल दिवे मध्येच कुठे लागले नाहीत. लागले ते थेट वळणाआधी, जिथे लागायला हवेत तिथेच. ब्रेक आईने दाबला होता, हे तिला इतक्या लांबूनही कळलं.

गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

"नाव?" पहारेकऱ्याने विचारलं.

तिने बॅग खांद्यावर घेतली आणि मोठ्या आवाजात सांगितलं.